मिटलेल्या दिव्याचे निदान

साहित्याच्या वर्गात यंत्राचा उल्लेख होतो तो बहुधा रूपक म्हणून. यंत्रयुग, यांत्रिकता, यंत्रवत जगणे हे शब्द आपल्या समीक्षेत इतके रुळले आहेत की त्यांच्यामागे खरोखरीचे एखादे यंत्र असते, त्याला तारा, स्क्रू, ग्रीस आणि गंज असतो, याचा आपल्याला जवळजवळ विसर पडला आहे. प्रस्तुत लेखात मला एका खऱ्या यंत्राच्या खऱ्या बिघाडाविषयी लिहायचे आहे. जुन्या स्पोर्ट्स कारचे पॉप-अप हेडलाइट, म्हणजे दिवसा बॉनेटमध्ये मिटून राहणारे आणि रात्री उघडून वर येणारे दिवे, उघडेनासे झाले तर दोष कोठे आहे हे कसे शोधतात, हा विषय. मराठीच्या प्राध्यापकाने या विषयात का पडावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. माझे उत्तर असे, की हा दोष शोधण्याची जी शिस्त आहे ती मुळात वाचनाची शिस्त आहे, आणि ती आज आपल्या वाङ्मयाच्या वर्गात जितकी दिसायला हवी तितकी दिसत नाही. मात्र ही तुलना पुढे करू. यंत्राला घाईने रूपक करून टाकण्याच्या सवयीवरच माझा आक्षेप असल्याने, आधी यंत्र यंत्र म्हणून समजून घेणे भाग आहे.

या दिव्यांचा इतिहास थोडक्यात सांगतो. मिटणारे हेडलाइट असलेली पहिली उत्पादित मोटार म्हणून १९३६ सालच्या अमेरिकन 'कॉर्ड ८१०'चे नाव घेतले जाते. गॉर्डन ब्युरिग या अभिकल्पकाने आखलेल्या या गाडीत दिवे उघडण्यासाठी डॅशबोर्डवर दोन्ही बाजूंना एकेक हँडल होते. ते हाताने फिरवावे लागे. १९६२ साली आलेल्या ब्रिटिश 'लोटस एलान'मध्ये हे काम इंजिनातील व्हॅक्यूमवर सोपवण्यात आले. १९६३च्या 'शेव्हरले कॉर्व्हेट स्टिंग रे'मध्ये विजेच्या मोटरी आल्या, तर १९६८च्या कॉर्व्हेटमध्ये पुन्हा व्हॅक्यूम आले. पुढे पोर्शे, फेरारी, लॅम्बोर्गिनी, माझदा, टोयोटा, होंडा या सर्वांनी आपापल्या काही गाड्यांना असे दिवे दिले. १९८९ साली बाजारात आलेली 'माझदा एमएक्स-५' ही एलानची आठवण करून देणारी छोटी दोनआसनी गाडी १९९७पर्यंत याच दिव्यांसह बनत होती. १९९८च्या तिच्या नव्या आवृत्तीत दिवे कायमचे उघडे झाले. २००४ साली 'लोटस एस्प्रिट' आणि कॉर्व्हेटची पाचवी पिढी यांचे उत्पादन थांबले आणि मोठ्या संख्येने बनणाऱ्या गाड्यांतून हा प्रकार नाहीसा झाला.

हे दिवे आले ते केवळ हौसेपोटी, असे समजण्याचे कारण नाही. स्पोर्ट्स कारचे नाक जितके बसके तितका वाऱ्याचा अडथळा कमी. उलट हेडलाइट जमिनीपासून ठराविक उंचीच्या खाली नसावा असा कायदा. अमेरिकेत तर १९४०पासून हेडलाइटचा आकार आणि मापही प्रमाणित केलेले होते. कारखानदाराला मनाजोगता दिवा घडवण्याची मुभा नव्हती. बसके नाक हवे आणि उंच दिवाही हवा, या दोन परस्परविरोधी मागण्यांतून दिवा लपवण्याची आणि गरजेपुरता वर आणण्याची युक्ती निघाली. १९८३ साली अमेरिकेतील दिव्याच्या आकाराचे बंधन सैल झाले, पुढे लहान पण प्रखर दिवे बनू लागले, पादचाऱ्याला धडक बसल्यास इजा कमी व्हावी यासाठी गाडीच्या पुढच्या भागाविषयीचे नियम कडक झाले, आणि युक्तीची गरज संपली. आता ज्या गाड्यांत हे दिवे उरले आहेत त्या सर्व वीस वर्षांहून जुन्या आहेत. त्यांच्यातील रबर कडक झाले आहे, ग्रीस वाळले आहे, तारांच्या टोकांवर हिरवट क्षार चढला आहे. बिघाड होणे हा त्यांचा वयोधर्म आहे.

आता रचना पाहू. एमएक्स-५मध्ये प्रत्येक दिव्याला स्वतंत्र मोटर आहे. मोटरच्या दंडावर एक लहान क्रँक, क्रँकला एक दांडी आणि दांडीच्या टोकाला दिव्याचे आवरण. मोटर एकाच दिशेने फिरते. अर्ध्या फेऱ्यात दिवा वर येतो आणि उरलेल्या अर्ध्यात खाली जातो. वर पोहोचल्यावर थांबावे, खाली पोहोचल्यावर थांबावे, हे मोटरला कळते ते तिच्या गियरसोबत फिरणाऱ्या धातूच्या संपर्कपट्टीमुळे. दिवा उचलणाऱ्या विजेचा फ्यूज वेगळा, दिवा पेटवणाऱ्या विजेचा वेगळा. दिवे न पेटवता नुसतेच वर आणण्यासाठी एक स्वतंत्र बटणही आहे. शिवाय मोटरच्या मागे रबरी टोपीखाली एक लहानशी मूठ असते. मोटर बंद पडली तर ती हाताने फिरवून दिवा वर आणता येतो. या मुठीकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

दिवा उघडत नाही, तर सुरुवात कोठून करायची? अननुभवी माणूस स्क्रू-ड्रायव्हर हाती घेतो. अनुभवी माणूस आधी प्रश्न विचारतो. 'दिवे चालत नाहीत' हे वर्णन नव्हे. ती तक्रार आहे. दोन्ही की एकच? एकच असेल तर नेहमी तोच का? वर येत नाही की खाली जात नाही? वर येतो पण पेटत नाही, की पेटतो पण वर येत नाही? अर्ध्यावर अडकतो का? अडकताना मोटरचा आवाज येतो की शांतता असते? थंड सकाळी होते, पावसानंतर होते, की कधीही? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत गाडीला हातही लावलेला नसतो, आणि तरीही निदानाचे निम्मे काम झालेले असते.

कारण प्रत्येक उत्तर संशयाचे क्षेत्र लहान करत जाते. दोन्ही दिवे आतल्या आत पेटतात पण एकही वर येत नाही, तर दोष दोघांच्या सामाईक भागात असणार: उचलण्याचा फ्यूज, रिले, बटण किंवा या सर्वांना वीज पुरवणारी तार. एकच दिवा वर येत नाही, तर सामाईक भाग ठीक आहेत असे धरून त्या बाजूची मोटर, तिचा जोड, तिचे अर्थिंग आणि तिची दांडी तपासायची. मोटर फिरल्याचा आवाज येतो पण दिवा हलत नाही, तर वीज निर्दोष आहे. गियरचे दात झिजले असतील किंवा दांडी क्रँकवरून सुटली असेल. मोटर कण्हत राहते आणि दिवा कुंथत वर येतो, तर बुश कोरडे पडले असतील किंवा वीज अपुरी मिळत असेल. दिवा थांबतच नाही, एकसारखा उघडझाप करत राहतो, तर मोटर उत्तम आहे. थांबण्याचा निरोप तेवढा तिला मिळत नाही, म्हणजे संपर्कपट्टी पाहायची. आणि दिवा नीट वर येऊन अंधाराच राहिला, तर हा उचलण्याच्या यंत्रणेचा बिघाडच नव्हे. माणूस चुकीच्या ठिकाणी बसून शोधत आहे.

आपल्या परंपरेत या रीतीला जुने आणि नेमके नाव आहे: अन्वय आणि व्यतिरेक. कारण असताना कार्य असणे हा अन्वय, कारण नसताना कार्य नसणे हा व्यतिरेक. डोंगरावरच्या धुरावरून अग्नीचे अनुमान करणारे नैयायिक ज्या काटेकोरपणे हेतू आणि हेत्वाभास वेगळे करत, तोच काटेकोरपणा येथे तेलकट हातांनी पाळला जातो. दोन सारख्या क्षमतेचे रिले असतील तर कारागीर त्यांची अदलाबदल करतो. दोष रिलेबरोबर दुसऱ्या जागी गेला, तर रिले दोषी; दोष जागच्या जागी राहिला, तर रिले निर्दोष. एवढ्या साध्या कृतीत अन्वयही आहे आणि व्यतिरेकही. तर्कशास्त्राच्या तासाला पर्वत आणि धूर यांपलीकडचे उदाहरण हवे असेल, तर हे घ्यावे.

आयुर्वेदानेही रोग ओळखण्याच्या पाच वाटा सांगितल्या आहेत: निदान म्हणजे मूळ कारण, पूर्वरूप म्हणजे रोगाआधीची चाहूल, रूप म्हणजे प्रकट लक्षण, उपशय म्हणजे उपचार करून पाहिल्यावर मिळणारी साक्ष आणि संप्राप्ती म्हणजे रोग कसा घडत गेला त्याची साखळी. बंद पडण्याआधी कित्येक महिने दिवा जोडीदारापेक्षा किंचित मागे राहू लागतो, हे पूर्वरूप. रिले बदलून पाहणे हा उपशय. पावसाचे पाणी जोडात शिरले, त्याने क्षार चढला, क्षाराने वीज अडवली, अपुऱ्या विजेवर मोटर कुंथू लागली, ही संप्राप्ती. यांतील शेवटची पायरी मला सर्वात महत्त्वाची वाटते. नवी मोटर बसवून दिवा वर आला आणि संप्राप्ती कळलीच नाही, तर जुना जोड नव्या मोटरलाही काही दिवसांत त्याच वाटेने नेईल.

आतापर्यंत विजेवर चालणाऱ्या दिव्यांविषयी बोललो. एलानसारख्या व्हॅक्यूमवर चालणाऱ्या दिव्यांची गोष्ट आणखी बोधक आहे. इंजिन चालू असताना त्याच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये हवेचा दाब कमी होतो. हा कमी दाब रबरी नळीने एका टाकीत साठवतात आणि त्याच्या ओढीने दिवा वर येतो. एलानमध्ये ही टाकी म्हणजे वेगळा डबा नसून चासीची पुढची आडवी पोलादी पेटीच आहे. मधे एकाच दिशेने वाट देणारा व्हॉल्व्ह असतो, म्हणजे साठवलेले व्हॅक्यूम उलट निसटू नये. आता अशा गाडीच्या मालकाची तक्रार पाहा: सपाट रस्त्यावर दिवे ठीक असतात, लांब चढ लागला की हळूहळू मिटू लागतात. ऐकणाऱ्याला ही भुताटकी वाटेल. परंतु चढावर चालक ॲक्सिलरेटर पुरता दाबतो, त्यामुळे मॅनिफोल्डमधील व्हॅक्यूम नाहीसे होते, आणि अशा वेळी साठ्याने दिवे तोलून धरायचे असतात. साठा निसटतो आहे, म्हणजे व्हॉल्व्ह, नळी किंवा टाकी यांपैकी काहीतरी गळते आहे. मग नळी टप्प्याटप्प्याने चिमट्याने बंद करत, हातपंप आणि मापक लावून गळती कोणत्या टप्प्यात आहे ते शोधायचे. कधी कधी ती नळीत सापडतच नाही. गंजलेल्या चासीत सापडते. दिव्याचे दुखणे गाडीच्या हाडात निघते.

याच गाडीच्या नंतरच्या काही आवृत्त्यांत रचना उलटी केलेली आहे. तेथे स्प्रिंग दिवा वर ढकलते आणि व्हॅक्यूम त्याला खाली धरून ठेवते. त्यामुळे व्हॅक्यूम गेले तर दिवे मिटण्याऐवजी उघडतात. गळती तीच, जागाही कदाचित तीच. परंतु एका गाडीत तिचे लक्षण 'चालताना दिवे मिटतात' असे, तर दुसरीत 'उभ्या गाडीचे दिवे आपोआप उघडतात' असे. लक्षणाला स्वतःचा अर्थ नसतो, तो रचनेच्या संदर्भात मिळतो, हे विधान भाषाविज्ञानाच्या तासाला आपण किती वेळा करतो! येथे ते डोळ्यांनी पाहता येते. एका आवृत्तीवर शिकलेला, पण आपल्यासमोर कोणती आवृत्ती आहे हे न विचारणारा कारागीर बरोबर उलटा निष्कर्ष काढील.

आता ज्या एका गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे येतो. समजा, मोटर अगदी सावकाश फिरते आहे. कारागीर मोटरचा जोड सोडवतो, मल्टिमीटर लावतो. मीटर बारा व्होल्ट दाखवतो. तार ठीक आहे असे मानून तो मोटर बदलतो. नवी मोटरही सावकाशच फिरते. असे का व्हावे? कारण जोड सोडवलेला असताना तारेतून जवळजवळ काहीच प्रवाह वाहत नाही, आणि प्रवाह नसेल तर सडलेली तारही पूर्ण दाब दाखवते. वीस धाग्यांच्या तारेचे एकोणीस धागे तुटले आणि एकच उरला, तरी मीटरला तो एक धागा पुरेसा असतो. मोटर जोडली, तिने प्रवाह मागितला, की त्या एका धाग्यावर सगळा दाब खर्ची पडतो आणि मोटरपर्यंत पोहोचतो तो उरलासुरला. म्हणून जाणकार माणूस मोटर जोडलेली ठेवून, ती फिरत असताना मोजतो. किंवा मीटरऐवजी टेस्ट लॅम्प वापरतो, कारण बल्ब स्वतः थोडा प्रवाह मागतो आणि मंद पेटून तारेचे बिंग फोडतो. आपल्याकडे गल्लीतल्या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या खिशात दोन तारा जोडलेला बल्ब असतो, त्यामागे हेच शहाणपण आहे. भार नसताना सर्वच तारा निर्दोष असतात. तार खरी की खोटी हे भाराखालीच कळते.

हे वाक्य वाङ्मयाच्या वर्गात आणून ठेवावे असे मला वाटते. मर्ढेकरांच्या पिपातल्या उंदरांच्या कवितेवर प्रश्न घाला. बहुसंख्य उत्तरपत्रिकांत 'यंत्रयुगातील माणसाची अगतिकता' हे शब्द येतील. ते खोटे आहेत असे नाही. मीटर बारा व्होल्ट दाखवतोच आहे. पण या उत्तरावर भार टाकून पाहा. उंदीरच का? पीपच का? हीच लय का? ज्या शब्दाशी वाचक अडखळतो तो शब्द तेथे कशासाठी? याच अगतिकतेविषयी दुसऱ्या कोणी लिहिलेल्या कवितेहून ही कविता कोठे वेगळी आहे? या प्रश्नांनी अर्थ मागितला की उत्तरातला एकुलता एक धागा तापतो आणि पलीकडे काही पोहोचत नाही. जे विधान मर्ढेकरांच्या कोणत्याही कवितेला लावता येते, एवढेच नव्हे तर त्या काळातील कोणत्याही नवकवितेला लावता येते, ते या कवितेविषयी काय सांगते? हा दोष विद्यार्थ्यांचा म्हणून सोडून देता येणार नाही. आपण वर्गात आणि परिसंवादात विधाने भार न टाकता मोजतो, आणि तेच ते शिकतात.

दुसरी खोड सुटे भाग बदलत बसण्याची. दोष न शोधता आधी रिले, मग मोटर, मग स्विच असे एकेक बदलत गेले तर कधी ना कधी दिवा उघडतो, आणि बदलणाऱ्याला आपण दुरुस्ती केली असे वाटते. त्याने खरेदी केलेली असते. वाङ्मयाच्या अभ्यासातही असे सुटे भाग मिळतात. कथा कळली नाही तर मानसशास्त्र लावून पाहावे, बसले नाही तर अस्तित्ववाद, तेही नाही तर संरचनावाद, उत्तर-आधुनिकता. सिद्धांतांवर माझा राग नाही. रिलेवर तरी कोणाचा असतो? परंतु कथेत नेमके कोठे अडते आहे, कोणत्या वाक्यापाशी आपले आकलन थांबते, याचे वर्णन न करता आणलेला सिद्धांत हा निदानाआधी आणलेला सुटा भाग आहे. तो बसतो तेव्हाही का बसला हे कळत नाही. शोधनिबंधाचे शीर्षक आधी ठरते आणि कादंबरी नंतर निवडली जाते, ही परिस्थिती आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेली आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. मोटारीत बिघाड असतो, कवितेत नसतो. दिवा वर यावा हे साध्य आधीच ठरलेले असते. कवितेने काय करावे हे कोणी ठरवलेले नसते. शिवाय दिवा उघडला की निदान बरोबर होते हे सिद्ध होते. कवितेच्या अर्थाला असा उघडणारा दिवा कोठून आणायचा? या भेदाचे महत्त्व मी नाकारत नाही. कवितेचे एकच उत्तर नसते, आणि दुर्बोध वाटणारी जागा हा दोष नसून बहुधा तिचा प्राणच असतो. परंतु माझी तुलना कविता आणि मोटार यांच्यात नाही. ती आहे दोन वाचकांत. बिघडते ते आपले आकलन. कवितेपाशी आपण अडतो तेव्हा अडणारी यंत्रणा आपली असते, आणि ती नेमकी कोठे अडली हे शोधण्यास अन्वय-व्यतिरेक चालतो, पूर्वरूप चालते, भारही चालतो. शब्द बदलून पाहिला तर अर्थ कोठे हलतो? ओळ काढून पाहिली तर काय नाहीसे होते? ही अदलाबदल उत्तम शिक्षक करतच आले आहेत. एका अर्थाचा निश्चय होणार नाही. पण कोणते अर्थ भार सोसत नाहीत याचा निश्चय नक्की होतो. अनेक अर्थ शक्य आहेत याचा अर्थ सर्वच अर्थ शक्य आहेत असा होत नाही, हे एवढे जरी पदवीच्या विद्यार्थ्याला पटले तरी पुष्कळ झाले.

आता त्या रबरी टोपीखालच्या मुठीकडे येतो. ती केवळ कारखानदाराच्या कृपेने तेथे आलेली नाही. मिटणाऱ्या हेडलाइटांविषयी अमेरिकेत ११२ क्रमांकाचे एक संघराज्य सुरक्षा मानक झाले आणि ते १९६९पासून लागू झाले. त्याचा आशय असा: दिवा उघडा आणि पेटलेला असताना यंत्रणेची शक्ती गेली तरी तो उघडाच राहिला पाहिजे, आणि मिटलेला असताना यंत्रणा बिघडली तर कोणतेही अवजार न वापरता तो पूर्ण उघडता आला पाहिजे. एलानच्या रचनेतील ती उलटापालटही याच विचाराशी जुळणारी आहे: शक्ती गेली तर गाडी आंधळी होऊ नये. अर्थात मूठ फिरवण्याआधी उचलण्याचा फ्यूज काढावा किंवा बॅटरी सोडवावी. मोटर अचानक जागी झाली तर बोटे दांडीत सापडतात. या एवढ्याशा मुठीने निदानही होते. फ्यूज काढून ती फिरवून पाहिली आणि दिवा सहज वर आला, तर दांडी, बुश, गियर निर्दोष आणि दोष विजेचा. मूठच अडली, तर मीटर बाजूला ठेवून तेलाची कुपी घ्यायची.

या मानकातील एक अट मला समीक्षकांनी स्वतःवर घालून घ्यावीशी वाटते: अवजाराशिवाय उघडता आले पाहिजे. समीक्षा वाचूनही कविता मिटलेलीच राहत असेल, आणि ती उघडायला आणखी एक परिभाषाकोश लागत असेल, तर ती समीक्षा या कसोटीला उतरत नाही. परिभाषा हवी, मोटर हवीच तशी. परंतु मोटर बंद पडली तर वाचकाच्या हाताला लागेल अशी एक मूठ लेखात कोठेतरी असावी: कवितेतील एखादी जागा, एखादा शब्द, जो धरून वाचक स्वतःच्या जोरावर अर्थ वर आणू शकेल आणि समीक्षकाचे म्हणणे स्वतः तपासू शकेल. यंत्र बनवणाऱ्याने आपले यंत्र कधीतरी फसणार हे गृहीत धरले, आणि फसल्यावर वापरणाऱ्याच्या हाती काहीतरी राहील अशी व्यवस्था केली. विद्वत्तेत हे गृहीतक फार दुर्मिळ आहे.

राहिला शेवटचा मुद्दा. ज्या माणसाला हे निदान जमते त्याला आपली शिक्षणव्यवस्था ज्ञानी म्हणत नाही, कारागीर म्हणते, आणि या शब्दात एक पायरी खाली उतरल्याचा सूर असतो. परंतु लक्षणाचे अचूक वर्णन, संशयाचे क्रमाने विभाजन, संदर्भाची चौकशी, भाराखालची परीक्षा आणि आपले अनुमान चुकल्यास ते तत्काळ सोडून देण्याची तयारी, या पाच गोष्टी ज्याच्याजवळ आहेत तो संशोधकच आहे. शेवटची गोष्ट तर त्याला सक्तीने शिकावी लागते, कारण दिवा कोणाच्या प्रतिष्ठेकडे पाहून उघडत नाही. आपल्या क्षेत्रात अनुमान चुकले तरी निबंध छापून येतो, त्यामुळे ही सक्ती आपल्यावर नाही. ती आपणच स्वीकारायची आहे. पदव्युत्तर वर्गाच्या पहिल्या आठवड्यात एखाद्या ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावून, एक बंद पडलेली यंत्रणा समोर ठेवून, त्याने दोष शोधताना मोठ्याने विचार करावा आणि विद्यार्थ्यांनी फक्त त्याचे प्रश्न लिहून घ्यावेत, असा एक तास ठेवावा. त्यानंतरच्या तासाला कविता घ्यावी. संशोधनपद्धतीची पाठ्यपुस्तके त्याने कालबाह्य होणार नाहीत, पण ती वाचताना विद्यार्थ्याला त्यांतले शब्द कशाविषयी आहेत हे तरी ठाऊक असेल.